बारा व्होल्टची भुणभुण

३ ऑक्टोबर

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही तिघी बऱ्या आहोत. आईचा गुडघा होता तसाच आहे, लेकीची परीक्षा संपली, दुकान चालू आहे. तुम्हीही सगळे बरे असाल असं धरून चालते, कारण तुझ्या मागच्या पत्रात वहिनीच्या बदलीपलीकडे काहीच नव्हतं.

लिहायचं कारण अर्थातच काम. कामाशिवाय आपण एकमेकांना कधी लिहितो? बाबांच्या हाताखाली आपण दोघंही ट्रान्सफॉर्मर गुंडाळायला शिकलो. तू आज कारखान्यात चाळीस माणसांकडून ते गुंडाळून घेतोस आणि मी बाबांच्या दुकानात बसून लोकांच्या घरी दिवे लावते. तेव्हा ज्ञान तुझ्याकडे आणि डोक्याला ताप माझ्याकडे, अशी वाटणी झाली आहे.

या तापाचं नाव व्हायोलिनवाले. जुनी व्हायोलिनं दुरुस्त करतात. मोठी खोली, मध्ये लांब टेबल, भिंतीवर ओळीने टांगलेली वाद्यं, सगळीकडे सरसाचा वास. त्यांना टेबलावर चार आणि भिंतीवर चार असे आठ छोटे हॅलोजन हवे होते, बारा व्होल्टचे, पस्तीस वॉटचे. मी म्हटलं, एलईडी लावा, तापणार नाहीत, बिल कमी येईल. तर म्हणाले, "बाई, त्या उजेडात माझं पॉलिश मेल्यासारखं दिसतं. मला लाकडातला लाल दिसला पाहिजे." बरं बाबा, हॅलोजन तर हॅलोजन. वर उजेड कमी-जास्त करायला डिमरही हवा.

आठ पस्तिशे दोनशे ऐंशी. मी तीनशेचा एकच इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मर घातला. हलका, स्वस्त, छताच्या फळीमागे मावणारा. पहिले दोन दिवस ठीक. मग या गृहस्थांचं डोकं तापायला लागलं, खरोखरच, दिव्यांच्या उष्णतेने. मला न विचारता त्यांनी सहा दिवे काढून ठेवले आणि दोनावर काम सुरू केलं. दोन दिव्यांचा भार त्या ट्रान्सफॉर्मरला पुरत नाही, हे तुला सांगायला नको. दिवे डोळे मिचकावायला लागले. लगेच मला बोलावणं. "बाई, तुमचे दिवे मला डोळा मारतात."

तो काढला आणि लोखंडी गाभ्याचा जुन्या पद्धतीचा बसवला. जड धूड, पण दोन दिवे लावा की आठ, मिचकावणार नाही. मी सुटले म्हणून घरी आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावणं. म्हणे हा भुणभुणतो.

दादा, मी गेले, स्टुलावर चढून बघितलं, काही नाही. अजिबात नाही! त्यांना सांगितलं की तुमच्या कानाला दिवसभर तारांची सवय, म्हणून तुम्हाला नसलेलंही ऐकू येतं.

तर आता सांग, काय बसवू? गोल गाभ्याचा बसवू का? तो सगळ्यांत शांत असतो असं ऐकून आहे. भुणभुण नाहीच आहे, पण गिऱ्हाईकाच्या समाधानाला औषध नाही. फोन मात्र करू नकोस. हल्ली लाइनवर नुसती खरखर असते, पन्नासचे पंधरा ऐकले जातात. लिहूनच कळव.

आई आशीर्वाद सांगते. वहिनीला नमस्कार.

तुझी धाकटी

&nbsp;

१९ ऑक्टोबर

प्रिय दादा,

तुझं पत्र मिळालं. इतक्या लगेच आलं की आधी मला वाटलं, काही वाईट बातमी आहे.

तू चार ओळींत चार प्रश्न विचारलेस. डिमर पूर्ण उघडा असताना भुणभुण येते का? मध्यावर आणल्यावर वाढते का? आवाज एकसारखा आहे की करकरतो? आवाज ट्रान्सफॉर्मरचा आहे की ज्या फळीवर तो बसवलाय तिचा? "उभं राहून नीट ऐक आणि मला कळव, त्याशिवाय काही सांगता येणार नाही." झालं. मी तुला विचारलं काय बसवू, तर तू मलाच परीक्षेला बसवलंस.

तुझ्या पत्राची वाट न पाहता मी गोल गाभ्याचा आणून बसवला होता. देखणा आहे, कड्यासारखा. व्हायोलिनवाल्यांनी बटण दाबलं, डिमर अर्धा फिरवला, डोळे मिटले आणि म्हणाले, "हा तर आधीच्यापेक्षा मोठ्याने गातो."

"कुठे गातो?"

"बाई, हा एकच सूर धरून बसलाय, आणि तो माझ्या चारही तारांपैकी एकीशी जुळत नाही. मी तार लावू कशी?" त्यांनी मला टेबलापाशी उभं केलं. खिडकी लावली, पंखा बंद केला. "आता ऐका."

मी ऐकलं. "आता?" ते म्हणाले. मी म्हटलं, "आता काय?" मग त्यांनी काहीतरी विचारलं, ते माझ्या लक्षात आलं नाही, कारण ते व्हायोलिन उचलायला वळले होते. मी आपलं "हो, हो" म्हटलं. ते गर्रकन वळले. "हो म्हणजे? मी विचारलं, तुम्ही माझी थट्टा करताय का, आणि तुम्ही हो म्हणता?"

सांग आता, अशा माणसाशी कसं बोलायचं? तोंडातल्या तोंडात पुटपुटतात, मिशीत बोलतात आणि वर समोरच्यावर डाफरतात. हल्ली सगळेच असे बोलतात. बँकेतली मुलगी काचेमागून पुटपुटते. लेक पाठ करून बोलते आणि मग म्हणते, "आई, तीनदा हाक मारली तुला." परवा दूध उतू जाऊन गॅस विझला. ती बाहेरच्या खोलीतून ओरडत होती म्हणे. मी ओट्यापाशीच होते, पाठमोरी, भाजी चिरत. माझं लक्ष नव्हतं, एवढंच. त्यावरून तिने जे काही ऐकवलं! मी तिला म्हटलं, घर, दुकान, तुझी आजी, सगळं एकटीने बघून दाखव, मग माझ्या लक्षाबद्दल बोल. ती रडली. मग मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून आणखी राग आला.

व्हायोलिनवाल्यांनी शेवटचं सांगून टाकलंय. पंधरा-वीस दिवसांत नीट झालं नाही तर ते दुसऱ्या माणसाला बोलावणार. बोलवेनात का! पण त्यांचा भाऊ संगीतशाळेचा कारभार बघतो आणि तिथल्या नव्या सभागृहाच्या दिव्यांचं काम माझ्या तोंडाशी आलेलं आहे. हे गेलं की तेही गेलं. बाबांच्या दुकानाची पाटी उतरवून किराणा घालावा लागेल.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं नंतर देते. तिथे फार गोंगाट असतो, नीट ऐकायला मिळत नाही.

तुझी धाकटी

ता. क. वर मीच लिहिलंय की खिडकी लावली आणि पंखा बंद केला. खोडत बसत नाही. राहू दे.

&nbsp;

२६ ऑक्टोबर

दादा,

तुझ्या प्रश्नांची उत्तरं.

डिमर पूर्ण उघडा असला की अगदी बारीक. मध्यावर आणला की एकदम वाढते. करकर नाही, एकसारखी भुणभुण. फळीचा संबंध नाही, कारण मी तो काढून दुकानात आणला आणि रबराच्या तुकड्यावर ठेवून आठ दिवे जोडले, तरी आहे.

म्हणजे व्हायोलिनवाले खरं बोलत होते. पहिल्यापासून.

हे मला कसं कळलं ते सांगते. सकाळी दुकान उघडलं, सगळं जोडलं, डिमर मध्यावर. कान अगदी जवळ नेला. काही नाही. बोट ठेवलं, तर बोटाला गुदगुल्या झाल्यासारखं थरथरत होतं. जे थरथरतं ते वाजणारच, एवढं तर बाबांनी शिकवलंय. मग काय सुचलं कोण जाणे, मोठा स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोक ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्यावर टेकवलं आणि मूठ कानामागच्या हाडावर दाबली.

दादा, केवढा आवाज! डोक्याच्या आत भुंगा शिरल्यासारखा. मी घाबरून हात काढला, सगळं गप्प. पुन्हा टेकवला, पुन्हा सुरू. तीन-चारदा करून बघितलं. दिवे चालू होते, रस्त्यावरून माणसं जात होती, आणि मी खुळ्यासारखी त्या लोखंडाला डोकं लावून बसले होते.

आणि मग आठवलं की मी ज्या स्टुलावर बसले होते त्याच स्टुलावर बसून बाबा हे असंच करायचे. आपण हसायचो, बाबा डब्याची नाडी बघतात म्हणायचो. प्रत्येक नग ते असा बघायचे. मला वाटायचं, ती त्यांची कसब दाखवायची तऱ्हा.

शेवटी शेवटी ते ठार बहिरे झाले होते, तेव्हा सगळेच म्हणाले, वय झालं. पण ते स्क्रू ड्रायव्हर टेकवायचे तेव्हा त्यांचं वय काय होतं? आता माझं आहे तेवढंसुद्धा नव्हतं.

फोनची लाइन बरी आहे. खरखर नाही. मला ऐकू येत नाही, म्हणून मी तुला फोन करू नको म्हटलं.

दोन वर्षं तरी झाली असतील. आधी डावा कान, आता दोन्ही. मी सगळ्यांच्या ओठांकडे बघते आणि ज्यांना मिशा आहेत त्यांच्यावर चिडते. हे मी अजून कोणालाच सांगितलेलं नाही. तुला लिहिलं, कारण तू लांब आहेस आणि तुझा चेहरा मला बघावा लागणार नाही.

आता ट्रान्सफॉर्मरचं काय करू ते सांग. दुसरं काही लिहू नकोस.

धाकटी

&nbsp;

१५ नोव्हेंबर

प्रिय दादा,

तू खरंच दुसरं काही लिहिलं नाहीस. पानभर ट्रान्सफॉर्मर आणि तळाशी एक ओळ: "डॉक्टरकडे जा." मी दोन दिवस त्या एका ओळीवर धुसफुसत होते. लिहू नको म्हटलं म्हणून माणसाने इतकं ऐकायचं असतं का?

पण ट्रान्सफॉर्मरचं तुझं बरोबर निघालं. एका मोठ्याऐवजी दीडशेचे दोन घेतले, टेबलाच्या चार दिव्यांना एक, भिंतीच्या चार दिव्यांना एक. डिमर बदलला, गुंडाळलेल्या ट्रान्सफॉर्मरला चालेल असा बघून घेतला. दुकानदार म्हणत होता सगळे डिमर सारखेच असतात. त्याला तुझं पत्र दाखवलं. आणि दोन्ही ट्रान्सफॉर्मर खोलीतून हलवून बाहेरच्या बोळात, रबरावर, जाळीच्या पेटीत बसवले. तिथून आत येईपर्यंत व्होल्ट सांडू नयेत म्हणून तू सांगितलीस तशी जाड तार. ती वाकवताना माझे अंगठे सोलले. बल्ब पुन्हा आठच्या आठ लावले आणि व्हायोलिनवाल्यांना बजावलं, डोकं तापलं तर डिमर कमी करा, बल्ब काढायचे नाहीत.

मग ते म्हणाले, "ऐकून बघा." मी त्या टेबलापाशी उभी. पुन्हा तेच. तोंडावर आलं होतं, "छान, आता काही आवाज नाही." कोणाला कळलं असतं?

मी म्हटलं, "मला ऐकू येत नाही. तुम्ही ऐका आणि मला सांगा. आणि सांगताना माझ्याकडे तोंड करून सांगा."

काम गेलंच असं धरून मी पिशवी उचलली. मग माझ्यासमोर येऊन, एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "मग आधी सांगायचं ना! इतके दिवस मी मलाच वेडा समजत होतो. बायकोला म्हटलं, माझे कान गेले, आता धंदा बंद करू या."

मला हसावं की रडावं कळेना. हे गृहस्थ माझ्यापायी घाबरले होते! डिमर त्यांनी वर-खाली फिरवला, बोळाचं दार उघडून-लावून बघितलं, एक तार छेडली. "नाही," ते म्हणाले, "गेला." सभागृहाचं काम मिळेल की नाही ते माहीत नाही. ते भावाशी बोलतो म्हणाले, पण काय बोलतील? दिवे लावणारी बहिरी आहे, हेही सांगतीलच. सांगू देत. ते खोटं थोडंच आहे.

डॉक्टरकडे गेले. कानाच्या आत एक इवलंसं हाड असतं, ते आखडत चाललंय. बाहेरचा आवाज ते पुढे ढकलत नाही, हाडातून आलेला मात्र पोचतो. म्हणून तो स्क्रू ड्रायव्हर. ऑपरेशन करता येतं, आधी एका कानाचं. बहुतेकांना गुण येतो, क्वचित असलेलंही जातं. त्यांनी विचारलं, हे घरात आणखी कोणाला होतं का? भावंडं किती? हे रक्तातून येतं. म्हणून तुलाही तपासायला सांगितलंय. तू स्वतःला विचारू नकोस, तू खोटं सांगशील. वहिनीला विचार.

आता जे लिहायचं आहे ते लिहिते. हे पान मी दोनदा फाडलंय.

डॉक्टरांकडून आल्यावर मी आईला समोर बसवलं आणि विचारलं, "बाबांना कधीपासून ऐकू येत नव्हतं?"

ती शेंगा सोलत होती. म्हणाली, "तुम्हा पोरांच्या लक्षात आलं त्याच्या कितीतरी आधीपासून."

"तुला माहीत होतं?"

"मीच तर त्यांचे कान होते. गिऱ्हाईक बोलून गेलं की मला विचारायचे, काय म्हणाला? गुंडाळणाऱ्याला भुणभुण ऐकू येत नाही म्हटल्यावर काम कोण देणार? कोणाला सांगू नकोस म्हणाले. पोरांनासुद्धा."

मला इतका राग आला की शेंगांची परात भिरकावून द्यावीशी वाटली. मग मी विचारलं, "दादा गेला त्या दिवशी?"

दादा, तो दिवस मला तुझ्याइतकाच आठवतो. मी काउंटरमागे होते. तू बॅग घेऊन दुकानाच्या दारात उभा राहिलास आणि म्हणालास, "बाबा, मी चाललो. थांब म्हणालात तर थांबतो." बाबा पाठमोरे, गुंडाळायचं मशीन चालू. तू उभा राहिलास. पुष्कळ वेळ उभा राहिलास. त्यांनी मान वर केली नाही. मग तू गेलास, आणि एवढी वर्षं आपण दोघांनीही तेच धरून ठेवलं की त्यांनी मान वर केली नाही. त्यांच्या आजारपणात मी तुला किती वेळा 'ये' म्हणून लिहिलं आणि तू काय उत्तर द्यायचास, ते पुन्हा लिहीत नाही. तू आलास तोवर सगळं आटोपलं होतं.

आई म्हणाली, "मशीन बंद केल्यावर आत आले आणि मला विचारलं, पोरगा कुठंय? मी म्हटलं, गेला की, तुम्हाला सांगून गेला. तर म्हणाले, मला? काय म्हणाला? तू मला सांगितलं होतंस, तो काय म्हणाला ते. तेच सांगितलं. चप्पलही न घालता गेले स्टँडवर."

"मग?"

"मग काय. परत आले."

"आणि पत्र? एक पत्र लिहायला काय झालं होतं?"

"लिहिलं असतं तर का ऐकू आलं नाही ते लिहावं लागलं असतं," आई म्हणाली. "मी म्हणायची, मी लिहिते. तर दोन-दोन दिवस जेवायचे नाहीत."

कोणावर चिडू, सांग. बाबांवर चिडून उपयोग नाही. आईवर चिडले तर तिने केलं ते त्यांच्यासाठी. तुझ्यावर चिडावं, तर तू थांबला होतास, मी बघितलंय. सगळ्यांनी आपापलं केलं आणि एवढ्या वर्षांची माती झाली. मी दोन दिवस लेकीशीही धड बोलले नाही. मग तिलाही सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, म्हणजे तू मुद्दाम करत नव्हतीस?" आता ती समोर येऊन बोलते, फार मोठ्याने बोलते, तेही चुकीचंच आहे. पण बोलते.

ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. भीती वाटते. तू यावंस असं मी म्हणणार नाही, सुट्टी तुझी तू बघ.

आत्ता लिहिता लिहिता आईला म्हटलं, दादाला सगळं कळवलं. ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. काहीतरी बोलली असावी, तिची मान हलली. एरवी मी 'हं' म्हणून वेळ मारून नेली असती. उठले, तिच्यासमोर जाऊन जमिनीवर बसले आणि म्हटलं, "परत सांग."

ती म्हणाली, "त्याला लिही, गाडी सुटली होती. एवढंच. त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतं."

तिने सांगितलं तसं लिहिलंय.

तुझी,
धाकटी